अर्जात नसलेलं काम

"शिलाई मशीन कुठं आहेत?" असं मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कमलताई साळवे उठल्या आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. त्याआधी दोनदा पाणी पिऊन झालं होतं.

न्हावऱ्यातली ती पत्र्याची खोली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सतरंजी आणि कोपऱ्यात एक शिलाई मशीन. एकच. त्यावर चादर टाकलेली, आणि चादरीवर मिरच्यांचं सूप ठेवलेलं. माझ्या हातातल्या अर्जात मात्र बारा मशीन होती. तीस महिला होत्या, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम होता, प्रशिक्षिका होती, आणि 'वंचित महिलांचं सर्वांगीण उत्थान' होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी पुण्यातल्या एका देणगीदार ट्रस्टमध्ये प्रोग्रॅम ऑफिसर होतो. ट्रस्टचं नाव लिहीत नाही, कमलताईंच्या संस्थेचंही नाही. हुद्दा भारदस्त वाटला तरी काम साधं होतं. गावोगावच्या लहान संस्था आमच्याकडे ग्रँट मागायच्या. ग्रँट म्हणजे परत करावी न लागणारी मदत, पण ठरलेल्या कामालाच वापरायची. त्यासाठी संस्था जो अर्ज करायची त्याला आम्ही प्रपोजल म्हणायचो. प्रपोजल वाचायचं, मग प्रत्यक्ष जाऊन बघायचं. ही झाली फील्ड व्हिजिट. परत आल्यावर बोर्डासाठी दोन पानी नोट लिहायची. बोर्ड म्हणजे मदत द्यायची की नाही हे ठरवणारे विश्वस्त. नोटखाली सही माझी असायची, त्यामुळे पुढं काही निघालं तर विचारणाही मलाच व्हायची.

"मशीन एकच हाय," कमलताई शेवटी म्हणाल्या. "ते बी माझं सोताचं."

"आणि वर्ग?"

"वर्ग न्हाई भरत."

"कधीपासून?"

"कधीच न्हाई भरला."

कमलताई पंचेचाळिशीच्या. पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता लोकांच्या शेतात खुरपायला जायच्या आणि उरलेल्या वेळात हे महिला मंडळ चालवायच्या. खोटं उघडं पडलेली माणसं मी पुष्कळ बघितली होती. ती भांडतात, नाहीतर रडतात. या बाई यातलं काहीच करत नव्हत्या. माझ्याकडे सरळ बघून उत्तरं देत होत्या.

"मग हे लिहिलं कुणी?"

"पुण्यात एक सर हायेत. ते लिव्हून देत्यात. आम्ही त्यांना आमचं काम सांगितलं. ते म्हणाले, बाई, ह्याला कोण मदत देणार? शिलाई लिव्हा, शिलाईला मिळती."

त्या सरांना मी ओळखत नव्हतो, पण त्यांचं 'सर्वांगीण उत्थान' ओळखत होतो. त्या वर्षी ते मला तीन वेगवेगळ्या तालुक्यांतल्या अर्जांत भेटलं होतं.

मी फाइल बंद केली. "ताई, अर्जातलं काम जागेवर नसेल तर मला नकार लिहावा लागतो. नियम आहे तसा."

"लिव्हा की. चुकी आमचीच हाय." मग त्यांनी विचारलं, "पर तुमची गाडी नदीकडनंच जाणार न्हवं?"

"हो. चौफुल्यावरून हायवेला लागणार."

"मग वाटंत मला एका ठिकाणी सोडा. एस. टी. तीनला हाय. तवर उशीर व्हईल."

कशाला उशीर होईल, हे मी विचारलं नाही. मला राग आला होता. सकाळी सहाला निघून इतक्या लांब आलो, ते एका मशीनवरच्या मिरच्या बघायला. शिवाय ट्रस्टच्या जीपमध्ये स्टाफशिवाय कुणाला बसवायचं नाही, असा नियम होता. आमचे ड्रायव्हर पवार यांनी माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं. "वाटेतच आहे," मी म्हटलं. बाईंना मदत नाकारायची आणि वर गाडीतही घ्यायचं नाही, एवढं माझ्याच्यानं झालं नाही.

भीमेच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून थोडं आत, उसाच्या फडाला लागून ऊसतोड कामगारांचा तळ होता. पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या, वीस-पंचवीस कोप्या. कोपी म्हणजे आत वाकून शिरावी लागणारी, तंबूच्या आकाराची झोपडी. दिवाळीनंतर बीड, नगरकडून या टोळ्या येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहून गाडीपाशी आणते. टोळीत माणसं किती, असं कुणी विचारत नाही. कोयते किती, असं विचारतात.

जीप थांबली तशा कमलताई उतरल्या आणि पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. पान उलटून बघितलं. "सविता कुठं गं?" असं एका म्हातारीला विचारलं. म्हातारीनं फडाकडं हात केला.

सविता येत होती. डोक्यावर मोळी, आठवा महिना सहज दिसत होता. वय बावीस-तेवीस असेल. तिनं मोळी टाकली, घाम पुसला आणि आमच्याकडे बघून हसली. मला त्यात वेगळं काही दिसलं नाही. काम करणारी बाई काम करत होती.

"बऱ्या दिसताहेत की," मी म्हटलं.

कमलताईंनी सविताला एका दगडावर बसवलं आणि तिचं लुगडं पायापासून चार बोटं वर घेतलं. मी तोंड फिरवलं.

"हिकडं बघा साहेब," त्या म्हणाल्या. "लाजू नका. बघा."

त्यांनी सविताच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढून घेतला. अंगठ्याच्या जागी खड्डा राहिला. मळलेल्या पिठात बोट रुतावं तसा. मी बघत राहिलो, पण तो भरून येईना.

"मागच्या मंगळवारी ह्यो घोट्याशी हुता. आज गुडघ्याखाली हाय. तोंड बी सुजलंय." मग सविताला, "डोकं दुखतंय?"

"चार दिवस झाले."

"डोळ्यापुढं काय व्हतंय?"

"मधीच चमकतंय."

कमलताई उठल्या. मघाशी खोलीत माझ्यापुढं बसलेली बाई आणि ही बाई वेगळी होती. "आत्ता दवाखान्यात न्यायची," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मुकादम आले. मुकादम म्हणजे टोळी जमवून आणणारा आणि कामाला जबाबदार असणारा माणूस. बाबूराव त्यांचं नाव. पन्नाशीचे, खांद्यावर टॉवेल. कमलताईंना ते ओळखत होते, पण बोलायला लागले माझ्याशी.

"साहेब, बाळंतपणाला अजून महिना हाय तिच्या. आज दोन गाड्या भरून द्यायच्या हायेत. एक बाई गेली म्हंजी अर्धा कोयता गेला. अर्ध्या कोयत्याचं मी काय करू, तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? शिलाईचा वर्ग बघायला आलेला माणूस. माझा तिथं काही संबंधच नव्हता. तेव्हा कमलताई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि शांत आवाजात म्हणाल्या, "मुकादम, हे पुण्याचे साहेब हायेत. तपासणीला आलेत."

यातला शब्दन् शब्द खरा होता. मी पुण्याचा होतो आणि तपासणीलाच आलो होतो. जीप पांढरी होती, दारावर गोल चिन्ह होतं, लांबून सरकारी वाटावं असं. मुकादमांनी जीपकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी सरकारी माणूस नाही," एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. उलट काखेतली फाइल काढून उघडली आणि खिशातलं पेन हातात घेतलं. फाइलमध्ये बारा शिलाई मशीन होती. पेन का काढलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मुकादमांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "न्या मग," ते म्हणाले. "परत कवा आणणार?"

"डॉक्टर सांगतील तवा," कमलताई म्हणाल्या.

सविताला तीन वर्षांची मुलगी होती. ती म्हातारीकडे दिली. सविताचा नवरा फडातून आला होता. त्यानं कोयता कोपीच्या पाचटात खोचला आणि कुणाला न विचारता जीपमध्ये जाऊन बसला. मुकादमांनी त्याला अडवलं नाही.

यवत तिथून फार लांब नाही, पण रस्ता खराब होता. पवार गाडी हळू चालवत होते आणि प्रत्येक खड्ड्याला आरशात मागं बघत होते. मी पुढच्या सीटवरून वळून कमलताईंना विचारलं, "हिला सरकारी नर्स बघत नाही का?"

"बघंल की. सिस्टर भली हाय आमची. पर तिला यादी गावाची दिल्याली. सविताचं नाव हाय तिच्या गावाकडच्या यादीत, आन् तिथं ती न्हाई. ती हितं हाय, तर हितल्या यादीत तिचं नाव न्हाई. आम्ही नाव नेऊन दिलं की सिस्टर येती. पर नाव कुणीतरी नेऊन द्यावं लागतं."

"तुम्ही किती जणी आहात?"

"पाच. शिरूरकडचे तळ आम्ही तिघी बघतो. नदीपल्याड दौंडकडचे शमीमभाभी आन् तिची जाऊ. आठवड्याला एक चक्कर."

"आणि हे सुरू कसं झालं?"

सविताचं डोकं कमलताईंच्या खांद्यावर होतं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं. "चार सीझन झाले. आमच्या वस्तीमागं तळ पडला हुता. एक बाई बाळंतपणात गेली. सकाळी आम्ही सगळ्या जणी गेलो. मातीला निघताना कुणीतरी विचारलं, हिचं नाव काय? आमच्यातल्या एकीला बी म्हाईत नव्हतं. महिनाभर आमच्या नळावर पाणी भरत हुती ती. मग मी नावं लिव्हायला लागले. बाकीचं मागनं सुरू झालं."

मी त्यांच्याकडून वही मागून घेतली. रेघा हातानं मारलेल्या. टोळी, मुकादमाचं नाव, बाईचं नाव, कितवा महिना, कितवं बाळंतपण, इंजेक्शन झालं का, सूज. शेवटच्या रकान्यात काही ठिकाणी 'मुलगी, बरी', 'मुलगा, बरा' असं होतं. दोन ठिकाणी नुसती रेघ होती. त्याबद्दल मी विचारलं नाही. पंधरा वर्षं मी संस्थांचे अहवाल वाचत होतो. गुळगुळीत कागदावरचे, आलेख काढलेले. इतका नेटका अहवाल माझ्या बघण्यात नव्हता.

"हे सगळं तुम्ही त्या सरांना सांगितलं होतं?"

"व्हय. वही बी दावली. त्यांनी उघडली न्हाई."

यवतला हायवेच्या कडेला एक वेल्डिंगचं दुकान होतं. मागं घर. कमलताईंनी हाक मारली आणि शमीमभाभी ओढणी सावरत बाहेर आल्या. चाळिशीच्या, उंच, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी सविताचा चेहरा बघितला आणि दुकानात नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "मी जातेय. भात टाकलाय, बघा." आणि गाडीत चढल्या.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. शमीमभाभींना नावानं ओळखत होते. त्यांनी रक्तदाब मोजला, पट्टा सैल करून पुन्हा मोजला. तो फार वाढला होता. त्यांनी लगेच सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगितलं आणि स्वतः चिठ्ठी लिहायला बसले.

"पुण्याला न्या. रस्त्यात कुठं थांबू नका. गाडी आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "आहे," मी म्हणालो.

वाटेत फिट आली तर काय करायचं, कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे डॉक्टरांनी शमीमभाभींना समजावून सांगितलं. मला सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. तासाभरापूर्वी मी या बाईला 'बऱ्या दिसताहेत' म्हटलं होतं.

कमलताई तिथंच उतरल्या. त्यांना तळावर परत जायचं होतं, सविताच्या मुलीकडे. "मी एस. टी.नं जाते. तुम्ही निघा," म्हणाल्या. आपल्या अर्जाचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही.

यवत ते पुणे हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेन. त्या दिवशीइतका लांब तो कधी वाटला नाही. उजेडानं फिट येऊ नये म्हणून शमीमभाभींनी खिडकीला ओढणी लावली. सविताशी सारखं बोलत राहिल्या. मुलीचं नाव काय, गावाकडं विहिरीला पाणी किती, सासू कशी आहे. उत्तर उशिरा आलं की त्यांचा आवाज थोडा चढायचा. सविताचा नवरा सगळा वेळ बायकोचे पाय मांडीवर घेऊन बसला होता. हडपसरला गर्दी लागली. पवारांनी आयुष्यात कधी वाजवला नसेल एवढा हॉर्न वाजवला.

पाच वाजता सविता मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखल झाली. आत नेल्यावर शमीमभाभी बाहेर येऊन मला म्हणाल्या, "साहेब, आप जाओ. आता इथं आमचं काम. तुम्ही थांबून काय करणार?" मी त्यांना ऑफिसचा फोन नंबर लिहून दिला आणि घरी गेलो. बायकोनं विचारलं, व्हिजिट कशी झाली? मी म्हटलं, शिलाई वर्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर दातार साहेबांनी बोलावलं. दातार पूर्वी बँकेत होते. कागद सरळ असला तर माणूसही सरळ, असं त्यांचं मत होतं. समोर जीपचं लॉगबुक होतं. लॉगबुक म्हणजे गाडी कुठं गेली आणि कोण बसलं, याची वही. पवारांनी त्यात सगळ्यांची नावं प्रामाणिकपणे लिहिली होती.

"या चार व्यक्ती आपल्या स्टाफमध्ये कधी आल्या?"

मी सगळं सांगितलं. मुकादमाचंही.

"म्हणजे तुम्ही सरकारी अधिकारी असल्याचं खोटं सांगितलंत."

"नाही सर. मी काही बोललोच नाही."

"पेन काढलंत."

"हो."

दातारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि या संस्थेनं आपल्याला खोटा अर्ज पाठवला. तिची तपासणी करायला तुम्ही गेला होतात."

"हो सर."

"आता काय करायचं म्हणता?"

काल न्हावऱ्याच्या खोलीत मी ज्या नजरेनं कमलताईंकडे बघत होतो, त्या नजरेनं आता दातार माझ्याकडे बघत होते. चांगल्या कामासाठी खोटा कागद पुढं करणं आणि चांगल्या कामासाठी गप्प राहणं, यात फार अंतर नव्हतं. मी तसं म्हटलं. दातार म्हणाले, "हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. बाई कशी आहे?"

"माहीत नाही सर. फोन नाही आला."

फोन तिसऱ्या दिवशी सकाळी आला. एस. टी. डी. बूथवरून शमीमभाभी बोलत होत्या, मागं रिक्षांचा आवाज. "साहेब, मुलगी झाली. लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. डॉक्टर बोलले, दोघी धोक्याच्या बाहेर आहेत." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि दाराशी उभ्या पवारांना बातमी सांगितली. मग ऑफिसच्या मागच्या जिन्यात जाऊन पायरीवर बसलो. तीन दिवस मी नीट जेवलो नव्हतो, हे मला तेव्हा कळलं. थोड्या वेळानं दातार जिन्यातून खाली येताना दिसले. मी उठायला लागलो. ते म्हणाले, "बसा, बसा. कळलं मला. पवारांनी सांगितलं." आणि माझ्या बाजूनं अंग चोरून पुढं गेले.

आता प्रश्न ग्रँटचा राहिला. बोर्डाची मीटिंग अकरा दिवसांवर होती. अडचणी दोन होत्या. पहिली, आलेला अर्ज खोटा होता. दुसरी, त्या वर्षी आमच्या ट्रस्टनं 'उपजीविका' हा विषय घेतला होता, आरोग्य नव्हे. दर वर्षी असा एखादा विषय ठरायचा आणि त्यात न बसणारी संस्था कितीही चांगली असली तरी पुढच्या वर्षी या, असं सांगावं लागायचं. ऊसतोडीचा सीझन तोवर संपणार होता.

पहिल्या अडचणीवर दातारांनी मार्ग काढला. जुना अर्ज संस्थेनं मागं घ्यावा आणि नवा, खरा अर्ज द्यावा. मी म्हटलं, "कमलताई सांगतील तसं मी लिहून काढतो."

"तुम्ही लिहिणार? मग तपासणार कोण? आणि पुण्यातल्या त्या सरांत आणि तुमच्यात फरक काय राहिला?"

म्हणून अर्ज कमलताईंनी स्वतः लिहिला. मराठीत, रेघांच्या फुलस्केप कागदावर, चार पानं. त्याआधी आमच्याकडे आलेला प्रत्येक अर्ज इंग्रजीत टाइप केलेला असायचा. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळे तसंच करायचे.

त्या अर्जातली दोन उत्तरं मला अजून पाठ आहेत. आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असायचा, लाभार्थींची संख्या किती? लाभार्थी म्हणजे मदतीचा उपयोग ज्यांना होणार ती माणसं. लोक तिथं मोठे, गोल आकडे लिहायचे. कमलताईंनी लिहिलं होतं, 'टोळ्या आल्यावर मोजून कळवू.' दुसरा प्रश्न आमच्या बोर्डाचा लाडका होता. मदत थांबल्यावर तुमचं काम पुढं कसं चालेल? त्याला उत्तर होतं, 'मदत नव्हती तेव्हा चालू होतं. मदत संपली तरी चालेल, फक्त चालत जावं लागेल.'

मी नोट लिहिली. दातारांच्या सांगण्यावरून त्यात शिलाई वर्गाची हकीकत लिहिली आणि मुकादमापुढं मी गप्प राहिलो तेही लिहिलं. नोकरीतलं ते माझं सगळ्यात अवघड वाक्य. चार वेळा खोडलं.

मीटिंगच्या दिवशी मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो. विश्वस्तांमध्ये एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. आम्ही त्यांना डॉक्टरबाई म्हणायचो. कमी बोलायच्या. एका विश्वस्तांनी सुरुवातीलाच हरकत घेतली, "हा विषय आपल्या यंदाच्या क्षेत्रात बसत नाही." मला वाटलं, संपलं. तेव्हा कधी नव्हे ते दातार मध्ये बोलले. "सर, या कामात बाईचा हिशेब कोयत्यात होतो. तिचं शरीर हेच तिचं हत्यार आहे. ते मोडलं तर त्या घराची उपजीविका मोडते. माझ्या मते बसतं." बँकेतल्या माणसाकडून असं वाक्य येईल, याची मला कल्पना नव्हती.

डॉक्टरबाईंनी वही मागितली. कमलताईंनी ती अर्जासोबत पाठवून दिली होती. वर चिठ्ठी होती, 'काम चालू आहे. मीटिंग झाली की लगेच परत पाठवावी.' डॉक्टरबाईंनी पानं सावकाश उलटली. सूज हा रकाना बोटानं वरपासून खालपर्यंत बघितला.

"हे यांना कुणी शिकवलं?"

"यवतच्या सिस्टरनं अंगठ्यानं दाबून बघायला शिकवलं, असं त्या सांगतात," मी म्हणालो.

"यांनी मागितलंय काय काय?"

मी वाचून दाखवलं. एस. टी.चे पास पाच. रक्तदाब मोजायचं यंत्र एक. वह्या. टॉर्च.

"एवढंच? आणि यांचं मानधन?"

"मागितलेलं नाही."

"का?"

"विचारलं होतं मी. त्या म्हणाल्या, ते बी मागता येतं व्हय?"

डॉक्टरबाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "यंत्रं दोन द्या, नदीच्या दोन बाजूंना. आणि पाचही जणींना मानधन लावा. वापरायला मी शिकवीन, महिन्यातून एकदा जाईन." मग नोट उचलून माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही. पुढच्या वेळी आपण कोण आहोत ते सांगत चला." मी हो म्हटलं. मागितलेल्यापेक्षा जास्त मंजूर झाल्याचं माझ्या नोकरीतलं हे एकमेव उदाहरण. मीटिंग संपल्यावर मी तडक तारेचा फॉर्म भरायला पोस्टात गेलो. न्हावऱ्यात कमलताईंकडे फोन नव्हता.

पुढच्या सीझनला मी पुन्हा तिकडे गेलो, ठरलेल्या पाहणीसाठी. तळ त्याच जागी होता आणि मुकादमही बाबूरावच होते. सविता मात्र त्या वर्षी आली नव्हती, दोन्ही मुलींना घेऊन गावीच राहिली होती. कमलताई दुसऱ्या कोपीत एका बाईचा रक्तदाब मोजत होत्या. मी मुकादमांना बाजूला घेतलं आणि वर्षभर मनात असलेलं सांगून टाकलं. "मागच्या वेळी मी सरकारी माणूस नव्हतो. तुमचा गैरसमज झाला आणि मी तो होऊ दिला."

मुकादमांनी तंबाखू मळणं थांबवलं नाही. "ते मला तवाच कळलं हुतं."

"कसं?"

"सरकारी माणूस आधी नाव इचारतो. तुम्ही नुसतं पेन धरून हुबं ऱ्हायलात."

"मग तिला सोडलंत कसं?"

"मला काय दिसत न्हवतं का तिचं तोंड सुजलेलं? माझ्याच गावची पोर हाय. पर टोळीत एकीला सोडलं की दहा जणी उद्या इचारत्यात, तिला सोडली, मला का न्हाई? साहेब आला आन् घेऊन गेला म्हटलं, की कुणी काय बोलत न्हाई. मला कारण पायजे हुतं. ते ह्या बाईंनी आणून दिलं." त्यांनी कमलताईंच्या दिशेनं मान हलवली. "ती हुशार हाय."

मी परत येताना बराच वेळ स्वतःशीच हसत होतो. पवारांनी कारण विचारलं, तेव्हा सांगितलं. तेही हसले.

त्यानंतर मी चौदा वर्षं तीच नोकरी केली. 'सर्वांगीण उत्थान' अधूनमधून येत राहिलं. पण व्हिजिटला गेलो की मी अर्ज पिशवीतून काढायचोच नाही. आधी संस्थेतल्या बाईला किंवा बाप्याला एकच विचारायचो, काल दिवसभरात काय केलंत? ज्यांना ते सांगता यायचं, त्यांच्या अर्जातल्या चुका आम्ही नंतर दुरुस्त करून घ्यायचो. ज्यांना सांगता यायचं नाही, त्यांच्या अर्जात सहसा चूक नसायची.